हिरनीची गंजी

“गवत पिळून बघ, पोरी. काडी मोडली तर रच, वाकली तर पसर. बैलाचं एक चालून जातं, पण घोडीला ओकायला येत न्हाई. बुरसलेला चारा पोटात गेला की जीवावरच बेततं.”

सासरे हरिबा जाऊन चार महिने झाले, तरी गवताच्या गंजीजवळ गेलं की तुळजाबाईला त्यांचा आवाज ऐकू यायचा. वरातीत नाचणारी त्यांची घोडी, हिरनी, आता गाभण होती. उन्हाळ्यात आष्टीच्या माळावर हिरवी काडी दिसत नाही. तिचा चारा थंडीतच वाळवून ठेवावा लागतो.

नवऱ्याचं, आदिनाथचं, मन मात्र हिरनीला माळेगावच्या जत्रेत विकण्याकडे. शेजारच्या यासीनचा टेम्पो शनिवारी घोडी घेऊन निघणार होता.

“गंजी कडकडीत वाळून उभी राहिली तर कमी पडंल तेवढं गवत मी डोंगरावरनं कापून आणीन,” तो हसत म्हणाला होता. “न्हाई तर हिरनी टेम्पोत. कबूल?”

“कबूल,” तुळजाबाई म्हणाली होती.

गुरुवारी पहाटे ती फुलं तोडायला परसात आली आणि थबकली. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, तोंडात पाण्याचा थेंब नाही. पण नाकाला आंबूस वास आला. तिनं गंजीत खांद्यापर्यंत हात घातला. आत तव्यासारखी धग!

तिला सगळं आठवलं. घटाची तयारी निवांत करता यावी म्हणून मंगळवारी ऊन कलल्यावर घाईघाईनं पेंढ्या रचल्या होत्या. पिळून एकही पाहिली नव्हती; ओल आतच राहिली आणि गवत तापलं. देवीसाठी घाई केली, आणि देवीनंच हात धरून चूक दाखवली, असं तिला वाटलं.

फुलांची परडी तुळशीपाशी ठेवून ती गंजी उपसू लागली. वाफ निघत होती.

“अगं तुळजे, आज तर तुझी पूजा ना?” कुंपणापलीकडून यासीनची आई इमामबी ओरडली.

“गंजी तापली, चाची. आधी ही पसरते.”

“मग पसर की! तुझी लक्ष्मी संध्याकाळपर्यंत कुठं जाती? सरक, मी बी येते. अन् माझ्या यासीनला काय सांगू नको, त्याला भाडं मिळायचंय.”

तुळजाबाई उपाशीपोटी खळखळून हसली.

दोघींनी अंगणभर गवत पसरलं, उलटंपालटं केलं. काळ्या पडलेल्या पेंढ्या उकिरड्यावर गेल्या. ऊन उतरायच्या आत, एकेक पेंढी पिळत, तुराट्यांच्या बैठकीवर गंजी पुन्हा उभी राहिली. आता जेमतेम कमरेएवढीच उरली होती, पण कोरडी. मग तुळजाबाईनं अंघोळ केली, घट मांडला, कहाणी वाचली.

आदिनाथ आला तेव्हा ती निवद दाखवत होती. त्यानं अंगणातला भुसा पाहिला, उकिरडा पाहिला. गंजीत हात घातला, एक काडी ओढून वाकवली. कट् झालं. हिरनीनं त्याच्या हातातली काडी ओढून खाल्ली.

“लई कमी झाली गं,” तो एवढंच म्हणाला.

“हो,” ती म्हणाली. मग तिनं त्याचं ताट वाढलं आणि उपास सोडला.

सकाळी ती सडा टाकायला उठली तेव्हा आदिनाथ विळ्याला धार लावत होता. त्यानं भाकरी फडक्यात बांधून घेतली, दोरखंड खांद्यावर टाकला, हिरनीच्या मानेवर थोपटलं आणि धुक्यातनं डोंगराची वाट धरली.