पेज नेणारी

आमच्या घरात एक कपाट नुसतं शालींनी भरलेलं आहे. माझे सासरे गोकुळदास स्वातंत्र्यसैनिक, वय अठ्ठ्याऐंशी. गोवा मुक्तिदिन आला की त्यांचा कुठे ना कुठे सत्कार, आणि धोतर धुऊन इस्त्री करायला मी. कुरकुरायची खूप, पण खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. आमच्या आमोण्याच्या बाजारात ‘गोकुळदासबाबांची सून’ म्हणून बायका बाजूला सरतात. असा मान कुणाला नको असतो?

यंदा बोलावणं कोरगावहून आलं. बाबांचा जोडीदार जयराम तिथला. पंचावन्न साली दोघांनी गावोगाव पत्रकं वाटली. मग बाबांना पाखल्यांच्या, म्हणजे पोर्तुगिजांच्या, पोलिसांनी पकडून डिचोलीला नेलं; जयराम त्याआधीच डोंगरावरच्या, काजूची दारू गाळायच्या भाटीत लपला होता. पावसात भाटी बंद, तिकडे कोण मरायला जातो? त्याची बारा वर्षांची बहीण सरस्वती तेवढी रोज पेज घेऊन जायची. पोलीस म्हणे तिच्या मागोमाग गेले आणि त्यांनी जयरामला गोळी घातली. पोरीच्या बावळटपणापायी भाऊ गेला, असं गाव सांगत आलं. मीही चार जणींना सांगितलंय.

आता गावात जयरामच्या नावाचा दगड बसवला होता आणि तो उघडायला बाबा हवे होते. गाडी मी चालवत होते. कोरगाव आलं तसं बाबा म्हणाले, “आधी सरस्वतीकडे व्हर माका.”

सरस्वती सोप्यावर बसली होती. ऐंशी ओलांडलेली, बिनलग्नाची, एकटी. बाबा समोर उभेच राहिले.

“सरस्वती, भाटी मी दाखवलंय. डिचोलीक माका तीन दिवस मारल्यानी. चौथ्या दिवशी मी सांगलंय.”

मी खांब धरला. ती मात्र जागची हलली नाही.

“माका म्हायत आसा,” ती म्हणाली. “जयराम थंय आसा ह्या दोघांकच म्हायत होता. तुका नि माका. मी कोणाक सांगूक नाय.”

“मगे इतकी वर्षां तू बोललंस कित्याक नाय?”

“बारा वर्षांच्या चेडवाचा कोण ऐकता? आवशीन मरापर्यंत माझ्या हातचा पाणी घेवक नाय.”

बाबांनी हात जोडले. ती खेकसली, “माका हात जोडू नको! आज थंय, सगळ्यांपुढे बोल. ह्या घेवन माका मराचा नाय.”

बाबांनी मान डोलावली. मला त्यांचा राग आला, तिची कीव आली, आणि त्याहून जास्त भीती वाटली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं माझी आई म्हणायची. मी बाबांना गाडीतच म्हटलं, “बाबा, आता कशाला?” त्यांनी मागे पाहिलं. मागच्या सीटवर सरस्वती होती.

मांडव भरलेला होता. शाळेच्या मुलींनी गाणं म्हटलं, दगडावरचा कपडा बाबांनी ओढला, टाळ्या झाल्या. मग माइक हातात आला आणि बाबा सरळ म्हणाले, “पोलिसांना भाटी मी दाखवली. मार सोसला नाही मला. सरस्वतीचा काही दोष नव्हता.”

मग सरपंच परेश पुढे झाला आणि त्यानं हळूच माइक काढून घेतला. त्याच्या डोळ्यांत चक्क पाणी होतं.

“बघा मंडळी, ही ती पिढी! मित्राच्या बहिणीची चूक पदरात घ्यायलासुद्धा हा माणूस तयार!”

टाळ्यांचा कडकडाट. बाबा “नाय, नाय” म्हणत होते, पण माइकशिवाय ऐकणार कोण? परेश माझ्याकडे वळला आणि माइक माझ्या तोंडाशी धरला. “वहिनी, तुम्हीच सांगा. बाबांनी घरात कधी असं काही सांगितलं होतं?”

पहिल्या रांगेतून सरस्वती माझ्याकडे बघत होती. बाबाही बघत होते.

“नाही,” मी म्हणाले. “घरात कधीच नाही.”

शब्द न् शब्द खरा होता. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. बाबांचं तोंड उघडायला पोलिसांना तीन दिवस मारावं लागलं होतं. मला कुणी बोटही लावलं नव्हतं.

सरस्वती उठली आणि मांडवातून चालत निघून गेली. तिला सोडायला कुणी गेलं नाही.

गाडीत बसल्यावर बाबा म्हणाले, “देवकी, परत तिच्याकडे जावया.” मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि गाडी आमोण्याच्या रस्त्याला लावली.