पहिली तीन अक्षरं

कळंबच्या त्या मुलींच्या वसतिगृहात दारातच एक स्क्रीन लावलेली होती. पोरींनी मोबाईलवरून तक्रार लिहायची, ती तिथं झळकायची. नाव नाही. तक्रार खरोखर कुणीतरी केलीय एवढं कळावं म्हणून खाली ईमेलचा पत्ता, तोही अर्धा झाकलेला. पहिली तीन अक्षरं उघडी, पुढं फुल्या. हा प्रोग्राम वसतिगृहाचं कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या शिवरंजनीनं लिहिला होता. सगळीकडं झाकतात तसंच तिनंही झाकलं.

पण मोठ्या शहरात त्याच तीन अक्षरांची हजार माणसं निघतात. इथं साऱ्या पोरींत व्ही, ए, आयनं सुरू होणारा पत्ता एकच.

"शंभूमामा दिवे बघायचं निमित्त करून न विचारता खोलीत शिरतात," अशी तक्रार झळकली, आणि चहा निवायच्या आत सगळ्यांना कळलं, ही तामलवाडीची वैष्णवी. शंभू म्हणजे व्यवस्थापक अण्णारावांचा मेहुणा. अण्णारावांनी वैष्णवीच्या बापाला, बलभीमला, फोन लावला. पोरगी घेऊन जा, हिचं वागणं बरोबर नाही.

बलभीम एसटीनं आला तेव्हा वैष्णवी ऑफिसच्या दाराशी उभी होती, भरलेली बॅग पायाशी. बारावीचं वर्ष. आज हे दार सुटलं की शिक्षण सुटलं, हे तिला ठाऊक होतं. आत अण्णारावांसमोर शिवरंजनी लॅपटॉप उघडून बसली होती.

"आता सगळ्यांच्या पत्त्याला सारख्याच आठ फुल्या," ती म्हणाली. "पत्ता लांब असो का आखूड. एक अक्षर दिसणार न्हाय."

"अगं, मग तक्रार कुणाची ते कळायचं कसं?"

"कळू नये म्हणूनच झाकतात, अण्णासाहेब."

"लई शहाणी झालीस. ती तीन अक्षरं परत आण. न्हायतर पूर्ण पत्ते दे मला."

"तीन अक्षरांनी एका पोरीची बॅग भरली. पत्ते मिळणार न्हायत."

"उद्यापासून तुझं काम बंद!"

"करा बंद. पण लिहिलंय ते पुसायला दुसरं कुणी बघा. माझा हात लागणार न्हाय."

बाहेर स्क्रीनपुढं पोरी जमल्या होत्या. वैष्णवीच्या तक्रारीखालची अक्षरं विझली, तिथं फुल्या उमलल्या, हे त्यांनी बघितलं. आणि मुकी तोंडं बोटांनी बोलू लागली. एक ओळ आली, माझ्याबी खोलीत शिरले. मग दुसरी, मी केस विंचरत होते. मग आणखी एक, कडी लावली तर म्हणाले, आमच्याच घरात आमालाच कडी? जात्यातनं पीठ पडावं तशा ओळी पडत राहिल्या, अन् प्रत्येकीखाली त्याच आठ फुल्या.

अण्णाराव फोन हातात घेऊनच ऑफिसातनं स्क्रीनपुढं आले.

बलभीम वाचायला हळू. एकेक शब्द ओठांनी उचलत त्यानं सगळं वाचलं. मग लेकीकडं बघितलं.

"साहेब, आता कुणाकुणाच्या बापाला फोन लावता? लावा की. येऊ द्या समद्यास्नी. तुमच्या मेहुण्यालाबी बोलवा. त्याला बघितल्याबिगर म्या जात न्हाय."

"बलभीम, तुम्ही उगं..."

"उगं न्हाय. पोरगी इथंच शिकणार."

वैष्णवीनं बॅग उचलली. बापानं ती तिच्या हातातनं घेतली, जिन्यापाशी आला, अन् पहिल्या पायरीखालीच थबकला. मान वर करून त्यानं हाक दिली,

"पोरींनो, म्या वैष्णवीचा बाप हाय. वर येऊ का?"