सरळ झालेली पाठ

मी लेथ मशीन बोलतेय. उगाच हळहळू नका, भंगारात पडलेली नाही मी. चांगली नटूनथटून उभी आहे, आणि तेच माझं दुखणं आहे.

चाळीस वर्षं मी एकाच माणसाच्या हाताखाली चालले. त्याला सगळे मिस्त्री म्हणतात. जुन्या मोटरसायकलींचे जे पार्ट बाजारात मिळत नाहीत, ते आम्ही दोघं बनवायचो. कामानं माझी पाठ, म्हणजे लोखंड कातणारं हत्यार ज्यावरून सरकतं ती पट्टी, एका जागी झिजली. तिथं आलं की हत्यार केसभर मागं राहायचं. मग मिस्त्री हँडल अलगद थोडं जास्त फिरवायचा. त्यानं हे कुणाला सांगितलं नाही. आपल्या मशीनची खोड चारचौघांत कशाला काढायची! पुढं पुढं तर त्याचं त्यालाही कळेना, हातच आपसूक फिरायचा.

मग तो आजारी पडला. वर्षभर वर्कशॉप बंद, मला गंज चढला. डॉक्टर म्हणाले, "काम करू दे त्यांना, नाहीतर खचतील." म्हणून त्याच्या लेकीनं मला दुरुस्त करायचं मनावर घेतलं. पोरगी गुणाची. गंज खरवडला, बेअरिंग बदलली आणि बाहेर नेऊन माझी पाठ घासून अगदी सरळ करून आणली. बापाला मात्र म्हणाली, "बाबा, फक्त रंग दिलाय हं." मला परक्याचा हात लागलेला त्याला खपत नाही ना!

काल तो आला. "काय बाई, नटलीस की!" म्हणाला. इतकं बरं वाटलं मला! एका जुन्या गाडीचा एक्सल करायला घेतला. त्या जागी हात नेहमीसारखा जास्त फिरला आणि एक्सल टोकाला बारीक झाला. दुसराही तसाच. तिसराही.

"असू दे बाबा, सवय मोडलीये," लेक म्हणाली.

"सवय नाही गं. हातच गेला माझा."

त्यानं माप घ्यायचा मायक्रोमीटर पुसला, डबीत ठेवला आणि डबी तिच्या हातात दिली. मग बटण बंद करून निघून गेला. अरे मिस्त्री, तुझा हात शाबूत आहे रे! पाठ माझी बदललीये!

माझं कोण ऐकणार? तुम्हाला तरी तोंड आहे. त्या पोरीला एवढंच सांगा, बापाला खरं काय ते सांगून टाक. पुढचं तो क्षणात ओळखेल.

पण आजच सांगा. सकाळपासून त्यानं अंथरूण सोडलेलं नाही.