उकिरड्याची प्रमुख

जेसीबी आला तशी भामाबाई उकिरड्यावर चढून बसली, ती बसलीच. वरून वैशाखाचं ऊन भाजत होतं, खालून उकिरडा वाफा मारत होता आणि मधे भामाबाई. पदर डोक्यावर ओढून, मांडी घालून, पंगतीला बसावं तशी.

मुरमवाडीत त्या दिवशी स्वच्छता स्पर्धेची समिती यायची होती. कंधारहून गाडी निघाल्याचा फोनही येऊन गेला होता. सरपंच अण्णाराव दिवस उगवल्यापासून पांढरे कपडे घालून गावभर पळत होते. शाळेच्या भिंतीला रंग झाला, हापश्याला झाला, आणि घाईघाईत पारावर झोपलेल्या एका म्हाताऱ्याच्या धोतरालाही थोडा झाला. आता राहिला होता तो रस्त्याच्या कडेचा भामाबाईचा उकिरडा. समितीच्या नजरेला पहिल्यांदा तोच पडणार होता. अण्णारावांचा हुकूम होता, उचलायचा आणि नदीच्या खड्ड्यात नेऊन टाकायचा.

हा उकिरडा भामाबाईच्या सासूनं धरलेला. म्हशीचं शेण, चुलीची राख, भाजीचे देठ, जनावरांनी टाकलेलं चघळ, तुरीचा पाला, जे घरातून निघेल ते तिथं जायचं. भांडी घासलेलं पाणीसुद्धा भामाबाई फुकट सांडू द्यायची नाही. दिवाळीला देवाआधी उकिरड्यावर पणती लागायची. आणि दोन वर्षांत तिनं त्यातलं टोपलंभर खतही काढलं नव्हतं, कारण तिच्या मनात चढावरचं मुरमाड रान होतं. त्या रानात सोयाबीन उगवायचं आणि गुडघ्याएवढं झालं की पुढं वाढावं का नाही या विचारात पडायचं. यंदा तिथं हळद लावायची होती. बेणं घरात ओल्या पोत्याखाली तयार होतं. उकिरडा गेला तर ते बेणं मुरमात पुरायचं आणि रडायचं.

"वहिनी, उठा आता," अण्णाराव खालून म्हणाले. "गावाच्या इज्जतीचा सवाल हाय."

"इज्जत तुमी रस्त्याला ठिवली का म्या? म्या तर खत ठिवलंय, भाऊजी."

अण्णारावांनी मग तिच्या नवऱ्याला गाठलं. नरसिंग हा स्वभावानं फार सरळ माणूस. ज्याच्यासमोर उभा असेल त्याच्या बाजूचा. ही घाण आहे का नाही ते तूच सांग, असं अण्णारावांनी म्हटल्यावर तो "हाव, घाण तर हायच" म्हणाला. मग त्याची नजर वर गेली. वरून भामाबाई बघत होती. "पर घरची हाय," तो म्हणाला आणि जेसीबीच्या सावलीला जाऊन उभा राहिला.

जेसीबीवर देगलूरकडचा अमरेश होता. बाई वर राहू दे, तू कडेकडेनं काढ, असं त्याला फर्मान झालं. अमरेशनं एकदा भामाबाईकडं पाहिलं, एकदा अण्णारावांकडं, आणि बकेट खाली घातलं. उकिरड्याचा एक लचका तुटला. आतून काळंभोर, भुसभुशीत खत घसरलं. सगळा ढीग हलला आणि भामाबाई हातभर खाली आली. उठली मात्र नाही. पाय तेवढे तिनं पातळाखाली घेतले. बकेट पुन्हा वर गेलं आणि बरोब्बर तिच्या डोक्यापाशी थांबलं.

अमरेशनं मशीन बंद केलं.

"मावशीसकट उचलायचं लायसन न्हाई मह्याकडं, सरपंच."

अण्णाराव त्याच्यावर ओरडणार तेवढ्यात वेशीतून जीप आत आली.

समितीच्या प्रमुख बुद्धप्रिया मॅडम नांदेडच्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसायचं नाही, त्यामुळं बघणाराला स्वतःचीच पापं आठवायची. अण्णारावांनी उकिरड्याकडं पाठ करून, दोन्ही हात पसरून त्यांना गल्लीत वळवलं. उकिरडा उंच होता. भामाबाईला वरून सगळं दिसत होतं.

पंचायतीनं थंडीत घरोघर दोन-दोन डबे वाटले होते. ओल्या कचऱ्याला हिरवा, सुक्याला निळा. डबे झाकणाचे आणि जाड होते, आणि मुरमवाडीनं इतका चांगला डबा आयुष्यात पाहिला नव्हता. त्यात कचरा टाकायचा म्हणजे नव्या पातळानं चूल पुसायची. मॅडमनी पहिल्या घरात हिरवा डबा उघडला तर गहू निघाले, कडुलिंबाच्या पाल्यासकट. दुसऱ्या घरात ज्वारीच्या पापड्या. कोंडाबाईच्या निळ्या डब्यात कोंबडी अंड्यांवर बसली होती आणि तिनं मॅडमच्या बोटाला चोच मारली. डबा वापरात आहे, एवढं समितीला मान्य करावं लागलं.

मग पंचायतीचा खताचा हौद. बाहेरून भिंतीवर झाडं, सूर्य, हसणारं कुटुंब. आत बसवंताची शेळी व्याली होती. तीन माणसं आत डोकावलेली पाहून तिनं करडं पोटाशी घेतली.

"गावात कचरा निघतच नाही का?" मॅडमनी विचारलं.

"निघतो की, म्याडम."

"मग जातो कुठं?"

जमलेल्या सगळ्या माना हळूहळू एकाच दिशेला वळल्या. अण्णारावांनी त्या माना पाहिल्या, त्यांच्यामागून उकिरडा पाहिला, आणि बुडत्याला ओंडका दिसावा तसा त्यांचा चेहरा उजळला.

मंडळी उकिरड्यापाशी आली. अण्णारावांनी घसा खाकरून सांगितलं की हा आमच्या गावाचा खत प्रकल्प. मॅडमनी जेसीबीकडं पाहिलं. ते खत वरखाली करायला बोलावलंय, अण्णाराव म्हणाले. मग मॅडमनी वर पाहिलं.

"आणि या?"

"त्या प्रकल्पाच्या प्रमुख हाईत," अण्णाराव म्हणाले. "सकाळधरनं हलल्या न्हाईत."

मॅडमनी तुटलेल्या कडेत हात घातला. मूठभर खत काढलं, चुरगाळलं, नाकाशी नेलं. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

"मावशी, हे कुणाचं?"

भामाबाईनं मनात हिशेब केला. माझं म्हणावं तर जीप वेशीबाहेर जायची खोटी, बकेट पुन्हा खाली येणार. गावाचं म्हणावं तर उकिरडा वाचला, पण खत गेलं. खाली अण्णाराव घामेजून बघत होते. तिला एवढ्यात उत्तर द्यायचं नव्हतं. पण मॅडम शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडं वळल्या.

"गावाचं ना?"

"हाव," नरसिंग म्हणाला.

तासाभरात उकिरड्यावर 'गावाचा खत प्रकल्प' अशी पाटी ठोकली गेली. महिन्याभरानं पुन्हा येऊन बघू, असं सांगून मॅडम गेल्या, आणि जीपचा धुरळा बसायच्या आत अण्णारावांनी बजावलं की तोवर यातलं चिमूटभर खत हलायचं नाही. सकाळी जी घाण होती तिला दुपारी राखण लागली.

भामाबाई घरी आली. नरसिंगपुढं तिनं भाकरी ठेवली, चटणी ठेवली, पाण्याचा तांब्या ठेवला, आणि पुढचे कित्येक दिवस तिचं त्याच्याशी तेवढंच बोलणं झालं. पोत्याखाली हळदीला डोळे फुटले. देगलूरच्या अंगाला रोज दुपारून काळं आभाळ भरून यायचं आणि गडगडून जायचं. एखाद्या दिवशी ते न बरसता जाणार नव्हतं. चढावरच्या रानात खत पडायच्या आधी पाणी पडलं तर तिथं चिखलात बैलगाडीही चढली नसती. भामाबाई रोज उकिरड्यापाशी जायची, पाटीकडं बघायची आणि परत यायची.

एके दिवशी सकाळी तिनं बैल जुंपले. भर उजेडात, पारावर माणसं बसलेली असताना. नरसिंगला म्हणाली, "पाटी धरा, पडू नगा देऊ," आणि स्वतः फावडं मारायला लागली. नरसिंगनं पाटी धरली. गाडी भरून ती दांडीवर बसली आणि रस्त्याला लागते तोच अण्णाराव पळत आले आणि बैलांच्या आडवे उभे राहिले. पारावरची माणसं उठून उभी राहिली.

"वहिनी, गाडी रिकामी करा. म्या काय सांगितलं व्हतं?"

"तुमी म्याडमला काय सांगितलं व्हतं, ते ध्यानात हाय मह्या."

"समिती येऊन राहिली. ढीग कमी दिसला तर नंबर जाईल गावाचा."

"मंग भरा की. प्रकल्प गावाचा हाय, तर गावाचं शेण पडू द्या त्याच्यावर. दोन वर्सं निस्तं मपल्याच घरचं पडलंय."

अण्णारावांनी बैलाची वेसण धरली. बैल बुजून मागं सरला, गाडी करकरली. भामाबाई दांडीवर तशीच बसून राहिली.

"भाऊजी, म्याडम आल्यावर मलाच इचारणार. प्रमुख हाय म्या. खरं सांगू का खोटं, ते तुमी ठरवा. मला दोन्ही येतं."

पारावर कुणीतरी खोकलं. अण्णारावांनी नरसिंगकडं पाहिलं. नरसिंग पाटी धरून त्यांच्यासमोरच उभा होता आणि त्याच्या तोंडावर 'हाव' आलेलं स्पष्ट दिसत होतं. मग त्यानं बायकोकडं पाहिलं आणि पाटीच्या मागं तोंड नेलं.

वेसण सुटली.

संध्याकाळपर्यंत खेपा चालल्या. मुरमाड रान काळं दिसायला लागलं. भामाबाईनं अंधार पडायच्या आत सगळं विस्कटलं, आणि आभाळानंही तिसऱ्या दिवसापर्यंत दम धरला.

उकिरड्याच्या जागी मात्र पाटी आणि तिच्या खाली गुडघ्याएवढा ढीग उरला. महिना भरत आला होता. म्हणून पंचायतीची दवंडी झाली, प्रत्येक घरानं रोज एक टोपलं आणायचं. पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला खुद्द अण्णाराव आले. पांढरे कपडे, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर शेणाचं टोपलं. ढीग आपलाच असल्यासारखं उभं राहून भामाबाईनं त्यांना कुठं टाकायचं ते बोटानं दाखवलं. त्यांनी टोपलं पालथं केलं.

ती वाकली. शेणात बोटं घालून तिनं एक प्लॅस्टिकची पिशवी ओढून काढली, झटकली आणि पुढं धरली.

"हे न्हाई चालत, भाऊजी."

अण्णारावांनी पिशवी हातात घेतली. फेकायला म्हणून आजूबाजूला पाहिलं. रस्ता झाडलेला होता, गटार उपसलेली होती, आणि मागं टोपली घेतलेल्या बायका रांगेत उभ्या राहून बघत होत्या. मग त्यांनी पिशवीची नीट घडी घातली, ती सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि रिकामं टोपलं घेऊन घराकडं निघाले.