खालची पट्टी

तोमोएवहिनींचं पत्र जूनमध्ये आलं होतं. ऑगस्ट सरत आला तरी शूझो निवांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

लिहायला बसले नाहीत असं नाही. मात्सुमोतो शहरातल्या एका छापखान्यात त्यांनी उभा जन्म मुद्रितं तपासण्यात घालवला होता, कागदाची त्यांना कधीच भीती वाटली नाही. पत्राच्या सुरुवातीला ऋतूबद्दल चार ओळी लिहायच्या असतात, त्या ते सुरेख लिहीत. मग वाचत, एखादा शब्द बदलत, पुन्हा वाचत. तोवर ऋतूच पालटून जाई आणि नव्या ऋतूवर नव्याने लिहायला घ्यावं लागे. मुद्द्याशी पत्र कधी पोचलंच नाही.

वहिनींनी लिहिलं होतं ते अगदी साधं होतं. दादाला मेंदूचा झटका येऊन वर्ष झालं. चालतो, जेवतो, समजतं सगळं, पण बोलणं गेलं. पाणी हवं असलं तरी 'पाणी' म्हणता येत नाही, तोंड उघडतं आणि नुसता 'आ' बाहेर पडतो. 'पण भावजी,' असं वहिनींनी पुढे लिहिलं होतं, 'दिवसा यांना ज्या केंद्रात नेतात तिथे कराओकेचं यंत्र आहे. त्यावर "मचव्यावरचा दिवा" लागलं की हे गातात. शब्द न् शब्द, एकही न चुकता. पहिलं कडवं संपलं की माइक बाजूला धरतात, कारण दुसरं कडवं काठावरून साद देणाऱ्या दुसऱ्या पुरुषाचं आहे. तिथल्या मुली पुढे होतात, तर हे मान हलवतात. सप्टेंबरात ज्येष्ठांच्या मानाच्या सुट्टीला केंद्रात गाण्यांचा कार्यक्रम आहे. तुम्ही याल का? गाणं सोपं आहे म्हणे.'

पहिल्यांदा वाचलं तेव्हा निवांच्या अंगावर काटा आला होता. ज्याला पाणी मागता येत नाही, तो अख्खं कडवं गातो! ते ग्रंथालयात गेले आणि मेंदूवरची पुस्तकं काढून बसले. असं होतं खरं, एवढं सगळ्या पुस्तकांना मान्य होतं. का होतं, यावर मात्र प्रत्येकाचं म्हणणं वेगळं. वाचून नवल कमी होईल असं त्यांना वाटलं होतं, ते वाढलंच.

दादाचं बोलणं गेलं, ही गोष्टच मुळात त्यांच्या मनात बसत नव्हती. इतोइगावाच्या मासळीबाजारात लिलाव पुकारणारा माणूस तो. त्याचा फोन आला की निवा रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरत. निवांचं स्वतःचं बोलणं असं, की छापखान्यातल्या लोकांना पुढे वाकून ऐकावं लागे. वर्षअखेरच्या मेजवानीत माइक आपल्याकडे सरकतोय असं दिसलं, की ते उठून बाहेर जात आणि सगळ्यांचे जोडे सरळ लावत बसत. कुणी कधी काही म्हटलं नाही. जोडे नीट लागायचे, सगळ्यांचीच सोय.

आता दादा माइक पुढे करणार. तो हातात घेतला आणि आपल्या तोंडून काहीच आलं नाही तर? आपल्याला तर झटकाही आलेला नाही.

स्टेशनमागे एक गाण्याचं दुकान होतं. रात्री तिथे दारू मिळे. दुपारी मात्र चहा आणि लोणच्यावर म्हातारी मंडळी गात बसत. निवा त्या दारावरून आठवडाभर रोज जात होते. त्या दिवशी दार आतून कुणीतरी उघडलं आणि ते दारातच सापडले.

"या या, आत या! गार हवा जातेय माझी सगळी," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांना सगळे आई म्हणत, त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठे म्हातारेसुद्धा. "काय गाणार?"

"मी निवा. नुसतं बघायला आलोय."

"बघायला इथे काय चेरी फुललीय?" कोपऱ्यातून एक म्हातारा म्हणाला. "बसा की. बेसूर गाणं बाधत नाही कुणाला, इथे सगळ्यांना लस टोचलेली आहे."

हे ओगिशिमा. शहराच्या बसवर चालक होते. निवा टेकले. समोर गाण्यांचं जाडजूड पुस्तक होतं. पुस्तक दिसल्यावर त्यांना जरा धीर आला. त्यांनी ते पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.

"अहो, कादंबरी आहे का ती?" आईंनी पुस्तक ओढलं आणि शेवटची पानं उघडून दिली. वर ठळक अक्षरांत होतं: पुरुषांसाठी सोपी गाणी. 'मचव्यावरचा दिवा' त्यातच होतं.

"सोपं म्हणजे कसं?" निवांनी विचारलं.

"म्हणजे वर जायला जिनाच नाही. सगळं घर तळमजल्यावर. सावकाश चालायचं, मधे दम खायला जागा. बायकोशी भांडून आलेल्यालाही जमतं."

"मला रोज जमतं ते त्यामुळेच," ओगिशिमा म्हणाले. खोकत खोकत उठले आणि माइक घेऊन उभे राहिले.

निवांना वाटलं होतं, हसू आवरावं लागेल. पण सूर लागला आणि खोकला कुठल्या कुठे गेला. वाकलेली पाठ सरळ झाली. हा माणूस मघाशी लोणच्याच्या बशीवरून कुरकुरत होता, आणि आता त्याच तोंडातून रात्र, समुद्र, परत न आलेली होडी असं सगळं संथपणे बाहेर येत होतं. बाकीची मंडळी चहा थांबवून ऐकत होती. निवांना वाटलं, हे रोज दुपारी आपल्या घरापासून चार गल्ल्यांवर चालतं, आणि आपल्याला इतकी वर्षं पत्ता नाही! गाणं संपलं तसे ओगिशिमा पुन्हा वाकले, खोकले आणि बशीतलं शेवटचं लोणचं कुणी खाल्लं म्हणून भांडू लागले.

"आता तुम्ही," आई म्हणाल्या.

जोडे सरळ लावायला जावं म्हणून निवांनी दाराकडे पाहिलं. या दुकानात जोडे काढायची पद्धत नव्हती.

पहिला प्रयत्न वाईट झाला. पडद्यावर शब्द उमटतात आणि डावीकडून एकेक अक्षर रंगत जातं. रंग येईल तसं गायचं. पण निवांचे डोळे जन्मभर ओळीवरून पळालेले. रंग पहिल्या अक्षरावर असतानाच त्यांची ओळ वाचून, तपासून, संपलेलीसुद्धा होती.

"गाताय की हजेरी घेताय?" ओगिशिमा ओरडले. "स्टॉपवर थांबा थोडं! माणसं चढू देत!"

पुढे एका ओळीत 'बाई' या अर्थाचं चिनी अक्षर होतं, आणि त्याच्या डोक्यावर बारीक टाइपात, असं वाचा म्हणून दिलं होतं, 'माणूस'. गाण्यांत लिहायचं एक आणि म्हणायचं दुसरं, असं सर्रास चालतं. निवांच्या जिभेने आपसूक शब्दकोशातला उच्चार केला. त्याला एक मात्रा जास्त, त्यामुळे पुढचं सगळं घसरलं. ते थांबले. "हे असं छापणं बरोबर नाही," ते पुटपुटले.

"बरोबर कशाला असायला हवं?" आई म्हणाल्या. "मला तर त्यातलं काही कळतही नाही. पण निवा-सान, एक सांगू? तुम्ही हे फोनवरच्या आवाजात गाताय. बँकेला फोन लावल्यासारखं."

"माझा आवाज असाच आहे."

"असेल बाई. बघू या," म्हणून त्यांनी यंत्राची कळ दाबली. पट्टी उतरली. पुन्हा दाबली. "अंदाजानेच करतेय हं. नाही जमलं तर चढवू."

संगीत पुन्हा सुरू झालं, जड आणि बुटकं. त्या सुरांवर निवांचा नेहमीचा आवाज पोचेनाच. पहिलं कडवं तसंच निघून गेलं, घसा रिकामा राहिला. त्यांनी रंगाची वाट पाहिली, श्वास सोडला आणि छातीच्या तळातून, जिथून त्यांनी आजवर कधी काही बाहेर काढलं नव्हतं तिथून, दुसऱ्या कडव्याची पहिली ओळ आली.

ते दचकून मागे वळले. मागे कुणी नव्हतं. नुसती भिंत आणि कोट अडकवायच्या खुंट्या.

आवाज दादाचा होता. तसाच जाड, थोडा घोगरा, शब्दाच्या शेपटाला किंचित ओढणारा. मासळीबाजाराच्या पत्र्यावर आदळून परत येणारा. रिसीव्हर लांब धरायला लावणारा. वर्षभर जो त्या एका कडव्याबाहेर कुणाच्या कानी पडला नव्हता, वहिनींच्याही नाही, तो निवांच्या गळ्यात होता, आणि किती वर्षं होता कोण जाणे.

"यंत्र बंद पडलं का?" ओगिशिमांनी विचारलं.

"यंत्र चालू आहे," आई म्हणाल्या. "थांबू नका हो, छान येत होतं."

निवा पडद्याकडे वळले. पुढची ओळ हुकली होती. त्यापुढची त्यांनी धरली. आता ते वाचत नव्हते, ऐकत होते. प्रत्येक शब्द ओठांवर येताना त्यांना नव्याने नवल वाटत होतं, आणि भीती अशी, की मोठ्याने श्वास घेतला तर तो आवाज निघून जाईल. गेला नाही. 'बाई' आली तेव्हा 'माणूस' म्हणून निघून गेली, त्यांच्या लक्षातही आलं नाही. कडवं संपलं तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही. एक बाई नुसतीच म्हणाली, "अगंबाई, हे गात होते होय?"

"कुणाला ऐकवायचं आहे?" आईंनी विचारलं.

"थोरल्या भावाला." मग निवांना वाटलं, हे पुरतं खरं नाही. "म्हणजे, त्याच्याबरोबर म्हणायचं आहे."

"मग उद्या परत या. ती ओळ हुकलीय."

बाहेर ऊन होतं. निवा घरी गेले नाहीत. चौकातल्या पोस्टात गेले, एक कार्ड घेतलं आणि तिथल्याच टेबलाशी उभ्याने लिहायला लागले. दादाच्या आजारानंतर सगळे जण वहिनींच्या नावाने लिहीत. निवांनी वर दादाचं नाव घातलं. ऋतूबद्दल काहीच लिहिलं नाही.

'दादा, मी येतो. दुसरं कडवं मी म्हणतो. पट्टी खाली उतरवायला सांग. शूझो.'

त्यांनी ते एकदा वाचलं. 'सांग' या शब्दावर पेन थांबलं. दादा कुणाला आणि कसं सांगणार? नवं कार्ड घ्यावं असं क्षणभर मनात आलं. मग कोपऱ्यात उरलेल्या जागेत त्यांनी लहान अक्षरांत लिहिलं, 'वहिनी, हे तुम्ही सांगा,' आणि शाई वाळायच्या आत कार्ड पेटीत टाकलं.