शाई वाळू नये म्हणून

पिंप्राळ्यात सुलक्षणाचं घरातच फोटो छापायचं दुकान आहे. यंदा वैशाखात तिचा इंकजेट प्रिंटर बिघडला. एका नवरदेवाचा चेहरा हिरवा छापून आला आणि कपाळावरून आडव्या पांढऱ्या रेघा गेल्या. नवरदेव म्हणाला, चालेल. त्याची आई म्हणाली, चालणार नाही.

फारुखभाई दुरुस्तीला आले. त्यांनी प्रिंटरचं हेड काढून ओल्या फडक्यावर टेकवलं. निळा, पिवळा, काळा डाग उमटला. लाल उमटलाच नाही.

"ताई, शाई भोकांत वाळली. भोकं केसाहून बारीक असतात. मशीन पडून राहिलं, वरून हा पंखा. त्यात तुम्ही थेट भिंतीवरचं बटण बंद करता. मशीनचं स्वतःचं बटण दाबलं तर हेड झाकणाखाली जाऊन बसतं, नाहीतर उघडंच राहतं."

त्यांनी हेड साफ केलं, प्रिंटर पंख्याखालून कोपऱ्यात नेला आणि बजावलं, "आठवड्याला एक रंगीत पान काढा. सगळे रंग आले पाहिजेत. उगाच क्लिनिंग मारत बसू नका, त्यात शाईच संपते."

लगेच सुलक्षणाला बहिणीच्या बाळंतपणासाठी धुळ्याला जावं लागलं. दुकान बंद ठेवून तिने प्रिंटर सासऱ्यांवर सोपवला. शालिग्राम आबा मूळचे सोनगीरचे. काही वाया गेलेलं त्यांना बघवत नसे.

"नुसत्या रेघा छापीसन कागद कसाले वाया घालू?" ते म्हणाले.

कॉम्प्युटरमध्ये सन्मानपत्राचा एक नमुना होता. लाल किनार, निळी अक्षरं, पिवळी समई, काळी सही. बठ्ठा रंग, म्हणजे सगळेच आले. आबांनी त्यात दूधवाल्या वनाचं नाव घातलं : 'दुधात पाणी अत्यंत मर्यादित प्रमाणात घातल्याबद्दल.' वनाने ते दोन्ही हातांनी घेतलं आणि डोळे पुसले.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या पंडितला मिळालं, 'पाण्याच्या मोटारीवरून कोणाशीही न भांडल्याबद्दल.' मग कॉलनीची झोप उडाली. वनाने पाणी घालणं पूर्ण बंद केलं. सायीचं दूध पिऊन निम्म्या घरांची पोटं बिघडली. लोक पहाटे उठून दुसऱ्याचं अंगण झाडू लागले, आणि एकाच अंगणासाठी दोन खराटे आले तेव्हा मारामारी झाली. दोघंही सन्मानातून बाद झाले.

समोरची डिंपल आबांकडे आली. "आबा, माझं काय चुकलं?"

"काही नाही चुकलं. पण या आठवड्याचं पान निघालं."

"अजून एक काढा ना."

"फारुखभाईंनी एकच सांगितलंय," आबा म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

सुलक्षणा परतली तेव्हा दारात माणसं बसलेली. कोणी तिची बॅग उचलली, कोणी तिची चप्पल पुसली. ती घाबरली. आबांनी सगळं सांगितल्यावर ती तशीच दुकानात गेली. मग तिने प्रिंटर लावून तपासणीचं पान काढलं. चार रंगांच्या बारीक रेघांच्या पायऱ्या, वर नाव नाही, गाव नाही. एकही रेघ तुटलेली नव्हती.

"यापुढे फक्त हेच पान निघेल," ती दारात येऊन म्हणाली. "सन्मान संपले."

लोक हळूहळू उठले. डिंपल मात्र जागची हलली नाही. "हे तरी मला द्या."

सुलक्षणाने पान देऊन टाकलं. डिंपलने त्याला काच बसवून ते टीव्हीच्या वर लावलं. पाहुणे विचारतात तेव्हा ती शांतपणे सांगते, "मशीनने तपासलं. आमच्यात कुठेच तुटलेलं नाही."

तेव्हापासून कॉलनीत सन्मानाचं कोणी नाव काढत नाही. दर आठवड्याला एक कुटुंब आंघोळ करून, नवे कपडे घालून दुकानात येतं आणि तपासणीसाठी प्रिंटरसमोर ओळीने उभं राहतं. प्रिंटर उत्तम चालतो.