गणित की भाव

"मासळीवालीची पोर, सर. हिला गणित काय नि बाजारभाव काय, सगळं सारखंच," छापखान्याचे मालक आप्पा हसत हसत बोलले आणि कमळाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

समोर शाळेचे गणिताचे सर उभे, हातात सहामाहीचा पेपर. निम्म्याशिम्म्या समीकरणांच्या आधी-नंतर डॉलरची चिन्हं तशीच छापलेली. खापर सगळं कमळाच्या माथी.

आता खरं काय ते ऐका. सत्याऐंशी साली आप्पांनी रत्नागिरीत कॉम्प्युटर आणला आणि कमळा त्यावर टाइप करायला बसली. त्यातल्या प्रोग्रॅमचा नियम असा, की डॉलरच्या दोन खुणांमध्ये टाइप केलेलं सगळं गणित धरायचं. छापताना खुणा गळून जायच्या. पुढे कोळंबी परदेशी धाडणाऱ्या एका शेटचं दरपत्रक आलं, त्यात भावच डॉलरमध्ये! दोन भावांमधली अख्खी ओळ यंत्राने गणित समजून तिरकी नि चिकटवून काढली. कमळाने डोकं लढवून प्रोग्रॅममध्ये भर घातली: डॉलरनंतर लगेच आकडा आला की तो भाव, त्याला हात लावायचा नाही. दरपत्रक झकास झालं. पण समीकरणंही आकड्याने सुरू होतात, म्हणून गणिताच्या कामाआधी ही भर काढा, असं तिने आप्पांना दहादा बजावलं होतं. आप्पा हो हो म्हणाले. शनिवारी ती रजेवर, तर घाईत त्यांनीच पेपर काढला आणि न वाचता शाळेत धाडला. आणि नाव कुणाचं, तर मासळीवालीच्या पोरीचं! वा रे न्याय!

मुलांची परीक्षा उद्यावर आली होती. कमळाने दात-ओठ खात भर काढली, पेपर पुन्हा काढला, ओळन् ओळ तपासली. मध्येच आप्पा जवळ येऊन कुजबुजले, की मनावर घेऊ नकोस, गिऱ्हाइकासमोर काहीतरी बोलावं लागतं. त्याने तर ती आणखीच पेटली. तिने कागद सरांच्या हातात दिले.

"सर, शनवारी मी नव्हते. तो पेपर आप्पांनी काढला."

सरांनी घड्याळ बघितलं. "ते तुमचं तुम्ही बघा. आता बरोबर आहे ना?"

"आहे."

सर गेले. आप्पांचा चेहरा काळाठिक्कर पडला. "नोकरी नकोशी झालीय का गं तुला?"

"हवीय आप्पा. म्हणून तर बोलले."

उद्या ये, असं आप्पा म्हणाले नाहीत. येऊ नको, असंही नाही. कमळाने चपला घातल्या आणि मांडवीच्या घराची वाट धरली. एवढं खरं बोलल्यावर हलकं वाटायला हवं होतं. अर्ध्या वाटेत तिला रडू फुटलं, आणि रडू फुटलं म्हणून आणखीच राग आला.